जहाज थांबतं तो एक दिवस : सेंट जॉन्स, अँटिग्वा

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे न्यूजर्सीला येतायत. बायकोने परस्पर सॅन हुआनहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझची तिकिटं काढून टाकली आहेत. मी कॅरिबियनला कधी गेलेलो नाही, जहाजात बसलेलोही नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलो होतो तेवढंच.

बंदरांची यादी बाबांना फोनवर वाचून दाखवली. सेंट थॉमस, सेंट लुसिया वगैरेला नुसतं "हं, हं" चाललं होतं. अँटिग्वा म्हटल्यावर म्हणाले, "थांब. कुंबळे जबडा बांधून खेळला ते?" तेच. आता त्यांना जहाज, बुफे, पोहण्याचा तलाव कशातही रस उरलेला नाही. ते मैदान बघायचंय.

सकाळी आठला जहाज लागणार, पाचला सुटणार. बाबा बहात्तरचे, गुडघे कुरकुरतात. आई शाकाहारी. बायकोला समुद्रकिनारा हवाय. मैदान धक्क्यापासून किती लांब? टॅक्सी लागेल का? आणि क्रूझवाले विकतात त्या सहली घ्याव्यात की आपापलं फिरावं?

चहाबशी

सगळ्यात आधी मैदान नाही, व्हिसा बघा. आई-बाबांचा मल्टिपल एंट्री असेल तर त्यांची काळजी नाही. तुमचं काय? एच-वन (नोकरीचा व्हिसा) असेल आणि पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असेल, तर "नुसता आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) चालतो" हे ऐकीव ज्ञान विसरा. ती सवलत एच-वनवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. बेटांसाठी ती विद्यार्थी आणि 'जे' (एक्सचेंज) व्हिसावाल्यांना मिळते. सॅन हुआन अमेरिकेतच मोडतं, त्यामुळे तिथवर विमानाने जाताना काहीच जाणवत नाही. गंमत परतताना होते. आमच्या ओळखीतलं एक जोडपं धक्क्यावरून बॅगा घेऊन घरी आलंय.

दुसरं, प्रत्येक बंदराचा भारतीय पासपोर्टचा नियम वेगळा असतो. दिवसभर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांना बऱ्याच ठिकाणी सूट असते, पण ते कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या मुलीने सांगितलं ते धरू नका. आणि पुढच्या वेळी मार्टिनिक-ग्वाडेलूप यादीत दिसले तर लक्षात ठेवा, ती बेटं फ्रेंच असली तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसात, नाहीत.

वारणाकाठ

बाप रे. माझा शिक्का मे महिन्यापर्यंत आहे. वाचलो. धन्यवाद.

फुलटॉस

धाग्याचं शीर्षक बघून आलो आणि कुंबळे दिसला. आता दोन तास कामाला रजा.

मैदानाचं नाव अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंड, सगळे एआरजी म्हणतात. धक्क्यापासून साधारण एक किलोमीटर, थोडा चढ. तुमच्या बाबांना सांगा की तिथे फक्त कुंबळे नाही. त्याच खेळपट्टीवर वेस्ट इंडीजच्या लाराने १९९४ मध्ये ३७५ आणि २००४ मध्ये नाबाद ४०० केले, दोन्ही वेळा इंग्लंडला धुऊन. रिचर्ड्सने १९८६ मध्ये ५६ चेंडूंत शतक मारलं ते तिथेच. २००३ मध्ये वेस्ट इंडीजने ऑस्ट्रेलियाविरुद्ध चौथ्या डावात ४१८ काढून सामना जिंकला, तोही तिथेच. एवढ्याशा बेटावरचं एवढंसं मैदान, आणि एका बाजूला चक्क तुरुंगाची भिंत. तुरुंगातले कैदी मैदानाची कामं करायचे. रिचर्ड्सचे वडील त्याच तुरुंगात नोकरीला होते.

आता आपलं. १९८३ चा दौरा, विश्वचषकाच्या थोडा आधीचा. शास्त्री १०२, वेंगसरकर ९४, कपिल ९८. त्यावर त्यांच्या चौघांनी शतकं ठोकली हा भाग सोडा. मग मे २००२. डिलनचा चेंडू कुंबळेच्या जबड्यावर, हाड मोडलेलं, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी घरी जायचं विमान. आणि हा माणूस डोक्याभोवती पट्टी गुंडाळून सलग १४ षटकं टाकतो आणि लाराला पायचीत करतो. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. आमच्या चाळीत जेवणं थांबली होती.

त्याच सामन्यात आपल्या अकराच्या अकरा जणांनी गोलंदाजी केली. यष्टिरक्षक रात्रानेसुद्धा, आणि त्याने त्या आधी शतकही काढलं होतं. खेळपट्टी कसली, डांबरी रस्ता. २००६ मध्ये वासिम जाफरने २१२ काढले, आणि शेवटी वेस्ट इंडीज नऊ बाद असताना सामना सुटला. एक विकेट! अजून झोपेत आठवतं.

दोन_टक्के

मुंबईच्या एका हिरेव्यापाऱ्यालाही हे बेट फार आवडलं होतं. त्याने तर थेट नागरिकत्व घेतलं. तुम्ही फक्त पाचच्या आत जहाजावर या.

अबोली७

😄 चोक्सी येणार माहीत होतं. चौथ्या प्रतिसादाच्या आत येईल असं वाटलं होतं, उशीर झाला.

रानजाई

मी अँटिग्वात अडीच वर्षं काढली. नवरा तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवायला होता. त्या कॉलेजाचा मणिपालशी संबंध आहे, त्यामुळे आपल्याकडची मुलंही येतात. थोडं सविस्तर लिहिते.

जहाज जिथे लागतं त्याला हेरिटेज की म्हणतात. लिहिताना क्वे दिसतं, म्हणताना की. उतरल्याबरोबर दागिने, घड्याळं, परफ्यूमची दुकानं सुरू होतात. ती जहाजातून आलेल्यांसाठीच आहेत, गावाचं त्यांच्याशी काही नातं नाही. तिथून डावं-उजवं न बघता सरळ वर चालत राहा. दोन गल्ल्या ओलांडल्या की गटारावरच्या फळ्या, शाळेच्या गणवेशातली पोरं, छत्री उघडून आंबे-पपनस विकायला बसलेल्या बायका दिसायला लागतात. ते सेंट जॉन्स. शेजारची रेडक्लिफ की मात्र बघा, जुन्या लाकडी-दगडी इमारती चांगल्या राखल्यात. बसून काही प्यायलाही तीच जागा बरी.

लाँग स्ट्रीटवर जुन्या कोर्टाच्या इमारतीत संग्रहालय आहे. इमारत १७५० ची. छोटंसं, अर्ध्या तासात होतं. तिथे रिचर्ड्सची बॅट ठेवलेली आहे, बाबांना दाखवा. वर टेकाडावर दोन मनोऱ्यांचं कॅथिड्रल दिसेल. १८४३ च्या भूकंपात आधीचं पडलं, म्हणून हे बांधताना आतून सगळं पाइनच्या लाकडाने मढवलं. बाहेरून दगड आणि आत जहाजाच्या पोटात शिरल्यासारखं लाकूडच लाकूड. मैदान तिथून पुढे थोड्याच अंतरावर. चालायचं असेल तर नऊच्या आत, नंतर ऊन चढतं. गुडघे दुखत असतील तर टॅक्सीच करा.

टॅक्सीला मीटर नसतो, ठरलेले दर असतात. बसायच्या आधी दोन गोष्टी विचारा. दर माणशी की गाडीचा, आणि डॉलर कोणता. तिथे ईस्ट कॅरिबियन डॉलर चालतो, अमेरिकन एका डॉलरला २.७० या दराने १९७६ पासून बांधलेला. चाळीस म्हणाला आणि तुम्ही चाळीस अमेरिकन काढून दिले तर तो काही परत करणार नाही. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांनी ही फी भरली आहे.

आणि काहीही विचारण्याआधी "गुड मॉर्निंग" म्हणा. दुकानात, बसमध्ये, टॅक्सीत, पोलिसाला. ते न म्हणता सरळ "मैदान कुठे आहे" विचारलंत तर उत्तर मिळेल, पण तोंड वाकडं करून. पहिले दोन महिने मला वाटायचं ही माणसं तुसडी आहेत. तुसडी मी होते.

पोटोबा

आईंच्या जेवणाचं कोणी बोललं नाही, म्हणून मी.

तिथला मुख्य पदार्थ फंजी. मक्याचं पीठ आणि भेंडी घालून शिजवलेला गोळा. आपल्या उकडीचा लांबचा भाऊ म्हणा, चव सपक. त्याबरोबर पेपरपॉट येतं, पण त्यात खारवलेलं मांस असतं. डुकाना नावाचा रताळं-खोबऱ्याचा गोड प्रकार केळीच्या पानात उकडतात. तो शाकाहारी आणि फर्मास, पण बहुतेकदा खारवलेल्या माशाबरोबर वाढतात. नुसता मागून घ्या.

खरी सोय रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या टपऱ्यांवर. त्यांच्या खाण्याला आयटल म्हणतात. मांस नाही, कट्टर असतील तर मीठसुद्धा नाही. आईंना "एकादशीचं आहे" म्हणून सांगा. रोटीही सगळीकडे मिळते. गयाना-त्रिनिदादकडच्या गिरमिटियांची देणगी. आत बटाटा-चण्याची भाजी भरलेली मागा. आणि काळा अननस! दिसायला हिरवट-काळपट, आकाराने लहान, पण इतका गोड की नंतर दुसरा अननस खाववत नाही. बाजारात कापून देतात.

चहाबशी

पोटोबा, आयटल टपरीवर "हर्ब" म्हणून काय विचारतात तेही सांगा, नाहीतर आई तुळस समजतील.

पोटोबा

ते मुद्दाम लिहिलं नव्हतं 🙂

दोन_टक्के

मला या क्रूझ-बंदरांचं कौतुक कळत नाही. फिलिप्सबर्ग, शार्लट अमाली, सेंट जॉन्स, सगळीकडे त्याच साखळीची तीच दागिन्यांची दुकानं. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर तर सिंधी दुकानदाराने मला "या, या, भाईसाब" म्हणून आत घेतलं, मी उल्हासनगरात आहे की कॅरिबियनमध्ये कळेना. चार-पाच जहाजं लागली की गावापेक्षा पाहुणे जास्त. जहाजात तीन वेळा जेवण फुकट, मग गावात कोण खर्च करणार? चुंबक आणि टोपी घ्यायची, परत जायचं. त्यापेक्षा विमानाने जाऊन चार दिवस राहा.

रानजाई

दोन_टक्के, अर्धं पटतं. पण तिथे राहणाऱ्याच्या बाजूने सांगते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला साखरेचा धंदा बंद पडला. त्याआधी तीनशे वर्षं बेटावर ऊस सोडून काही नव्हतं. मग पर्यटन आलं आणि आता पर्यटन सोडून काही नाही. मार्च २०२० मध्ये जहाजं थांबली ती वर्षाहून जास्त काळ. आमच्या समोरचा टॅक्सीवाला त्या काळात मासेमारीला जायचा. हेरिटेज कीला कुत्रं नव्हतं. त्यानंतर पहिलं जहाज आलं तेव्हा लोक बघायला उभे होते. तुम्ही टोपी घ्या, पण बाजारातल्या बाईकडून घ्या, एवढंच म्हणेन.

एक मात्र खटकायचं. पाणी. बेटावर नदी म्हणावी अशी नाही. पॉटवर्क्स नावाचं धरण दुष्काळात कोरडं पडतं, मग सगळी भिस्त समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या प्रकल्पांवर. घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं असतंच. आमच्या नळाला दिवसाआड पाणी. लातूरचं माहेर असल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही, बादल्या भरून ठेवायची सवय होती. हॉटेलांत मात्र कारंजी चालू.

वारणाकाठ

रानजाईताई, तुम्ही साखरेचं लिहिलंत आणि बाबांना वाचून दाखवलं. बाबा एकतीस वर्षं साखर कारखान्यात होते, बॉयलिंग हाउसला. त्यांचा प्रश्न असा: जुना कारखाना बघायला मिळेल का?

रानजाई

अहो, मग बेटीज होप! नक्की न्या. शहरापासून पूर्वेला गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. सतराव्या शतकातला उसाचा मळा, कॉड्रिंग्टन घराण्याचा. दोन पवनचक्क्यांचे दगडी मनोरे शेजारी शेजारी उभे आहेत, त्यातला एक १९९० च्या दशकात पंख्यांसकट दुरुस्त केला. वाऱ्यावर चरक फिरायचा. आत ऊस पिळायचे रूळ आहेत, पुढे काकवी आटवायच्या इमारतीचे अवशेष. असे मनोरे बेटावर शंभराच्या वर आहेत, माळावर कुठेही एखादा झाडं उगवलेला बुरूज दिसतो. कुणी त्यात घर केलंय, कुणी दुकान.

फक्त हे गुऱ्हाळ बघण्यासारखं गोड नाही. सगळं गुलामांच्या कष्टावर. उसाच्या हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा आणि हात अडकला तर तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवत, असं तिथल्या जुन्या साखरमळ्यांबद्दल सांगतात. १७३६ मध्ये प्रिन्स क्लास, म्हणजे किंग कोर्ट, याने बंडाचा बेत केला. फितुरी झाली आणि त्याला चाकावर हाडं मोडून मारलं. आज तो राष्ट्रवीर आहे, शहरात त्याचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १८३४ ला गुलामी संपली तेव्हा बाकीच्या बहुतेक ब्रिटिश बेटांवर मालकांनी मजुरांना आणखी काही वर्षं 'उमेदवारी'त, म्हणजे त्याच मळ्यांवरच्या सक्तीच्या कामात, अडकवून ठेवलं. अँटिग्वाने ते केलं नाही, एकदम मोकळं केलं. जमीन सगळी मालकांचीच होती, माणसं जाणार कुठे, हा त्यामागचा हिशोब. कार्निव्हल अजून त्याच सुमाराला असतो.

अबोली७

आणि नेल्सन्स डॉकयार्ड? ब्रिटिश नौदलाची जुनी गोदी, २०१६ पासून जागतिक वारसा आहे. बेटावर जाऊन तेच न बघता येणं म्हणजे...

चहाबशी

नऊ तासांत मैदान, गुऱ्हाळ, डॉकयार्ड आणि समुद्र? म्हातारी माणसं आहेत, लगेज नाही. डॉकयार्ड दक्षिण टोकाला आहे. तरुण असता तर वेस्ट बस स्टेशनवरून १७ नंबरची बस सुचवली असती. भरल्याशिवाय सुटत नाही. थोडक्यात वडाप.

आणि घड्याळ! अँटिग्वाची वेळ आणि जहाजाची वेळ एकच असेल असं धरू नका. सॅन हुआनहून निघालात तर बहुधा जुळेल, मायामीहून निघालेल्यांची हिवाळ्यात तासाभराने चुकते. फोन आपोआप वेळ बदलतो आणि घात करतो. बाबांना म्हणावं हातातलं घड्याळ लावा, जहाजावरच्या वेळेवर. अजून एक, मिलिटरी छापाचे कपडे घालून उतरू नका. तिथे नागरिकांना ते कायद्याने बंद आहेत. माझ्या भाच्याची अर्धी चड्डी परत केबिनमध्ये गेली होती.

रानजाई

किनाऱ्यावर हिरव्या सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली तर उचलू नका. मॅन्चिनील. फळ विषारी आणि झाडाखाली पावसात उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. बऱ्याच झाडांना लाल पट्टा मारलेला असतो.

फुलटॉस

नॉर्थ साउंडचं नवं स्टेडियम बेटीज होपच्याच वाटेला आहे. २००७ च्या विश्वचषकासाठी चीनच्या पैशातून बांधलं. २००९ मध्ये तिथली कसोटी दहा चेंडूंत बंद पडली, वाळूत गोलंदाजांचे पाय रुतत होते. शेवटी परत जुन्या एआरजीवर कसोटी घेतली! रहाणेचे ८१ आणि १०२, बुमराचे ७ धावांत ५ हे नॉर्थ साउंडचे, २०१९ चे. गाडीतून दाखवा. उतरायची गरज नाही, आत्मा जुन्यात आहे.

वारणाकाठ *(दोन महिन्यांनंतर)*

मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितोय, माफ करा.

त्या दिवशी आमच्यासकट तीन जहाजं होती. हेरिटेज कीतून बाहेर पडायलाच वीस मिनिटं लागली, कारण आईला प्रत्येक दुकानातली मुलगी "मॅडम, फ्री चार्म" म्हणून बोलावत होती आणि आईला कुणाला नाही म्हणता येत नाही. चार चार्म (छोटी लटकनं) घेऊन बाहेर आलो.

टॅक्सी ठरवताना मी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. गुड मॉर्निंग म्हटलं, गाडीचा दर विचारला. कोणता डॉलर हे विचारायला विसरलो. रानजाईताई, फी भरली.

संग्रहालयात रिचर्ड्सच्या बॅटीसमोर बाबा बराच वेळ उभे होते. म्हणाले, "एवढीच होती?" मला वाटतं त्यांना झाडाच्या खोडाएवढी अपेक्षित होती.

मैदानाचं फाटक उघडं होतं. आत फुटबॉलचे गोलपोस्ट. गवत पिवळं, जुन्या स्टँडचा रंग उडालेला. खरं सांगतो, मला पोटात कालवलं. बाबा एवढ्या लांबून आले आणि हे. एक म्हातारा राखणदार खुर्चीवर बसलेला. बाबांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं (जहाजावर रोज घोकून घेतलं होतं) आणि विचारलं, कुंबळे कुठल्या टोकाकडून टाकत होता?

त्याला कुंबळे माहीत नव्हता.

त्याला लारा आठवत होता. चारशे झाले त्या दिवशी तो इथेच होता. स्टँडमध्ये बायकांचे कपडे घालून नाचणारा ग्रेव्ही आठवत होता, डीजे चिकीच्या भोंग्यावरची गाणी आठवत होती. रिचर्ड्सचं लग्न आणि त्याच आठवड्यात इथल्या पहिल्या कसोटीत त्याने काढलेलं शतक हे तर त्याने तारखेनिशी सांगितलं. पण कुंबळे? नाही बुवा.

मग बाबांनी खिशातून रुमाल काढला. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. सांगलीच्या इंग्रजीत "जॉ ब्रोकन. स्टिल बोलिंग. लारा औट" म्हणाले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चार पावलं धावून हात फिरवला. त्या माणसाने आधी नुसतं बघितलं. मग इतका हसला की खुर्चीवरून उठला, आतून आणखी दोघांना हाका मारून आणलं आणि बाबांना परत करायला लावलं. तीनदा. तिसऱ्या वेळी त्यांच्यातल्या एकाने लारा होऊन पायचीत होऊन दाखवलं आणि पंचाशी भांडलासुद्धा.

तिथे सव्वा तास गेला. बेटीज होपला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. चरक बघून बाबांचा नूर बदलला. रूळ हाताने चाचपून म्हणाले, आमच्या कारखान्यात एकाचं बोट गेलं होतं तेव्हा तीन दिवस कुणाला जेवण गेलं नाही. पुढे काही बोलले नाहीत. परत गाडीत बसेपर्यंत त्यांनी तो रुमाल हातातच धरून ठेवला होता.

किनाऱ्यासाठी उरला एक तास. फोर्ट जेम्सला गेलो. बायकोने पाण्यात पाय बुडवून मला एक नजर दिली, ती अजून चालू आहे. आईला काळा अननस आवडला. डुकाना तिने दोन खाल्ले आणि "पातोळ्यांत गूळ कमी पडलाय" असा शेरा दिला.

फुलटॉस

रुमालाचा फोटो टाका. लगेच.

वारणाकाठ

आईने काढलाय. बाबा टाकू देत नाहीत. म्हणतात, ॲक्शन बरोबर आली नाही.

फुलटॉस

त्यांना सांगा, कुंबळेची तरी कुठे पुस्तकातली होती.